घोयरा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्यानें प्रथम प्रचारांत आणली, त्यानें सरड्याकडे फार वेळ पाहिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणींत उपहास आहे. जणूं कुंपणाशीं थांबणें हा त्या बिचाऱ्याचा दुबळेपणाच होय! परंतु अन्न, पाणी, ऊन आणि आडोसा हीं सर्व ज्यास एकाच कुंपणांत मिळतात, त्यानें पलीकडे धावावें तरी कशासाठीं? त्यांतून ज्या सरड्याविषयीं आम्ही लिहीत आहों, तो धावतही नाहीं. वाऱ्यानें पान हालावें तसें अंग हालवीत, एक पाऊल पुढें आणि अर्धें मागें अशा चालीनें तो फांदीवरून जातो.

याचें नांव घोयरा. कोणी सरडगुहिरा म्हणतात. तांबड्या गळ्याचा, मान खालींवर करणारा आपला नेहमींचा सरडा निराळा. घोयऱ्याच्या कुळांतील दोनशेंहून अधिक जाती जगांत असून त्यांपैकीं निम्म्याच्या आसपास मादागास्कर बेटावर आहेत. भारताच्या वांट्यास ही एकच आली. दोन्ही डोळे दोन दिशांस फिरणारे, बोटें चिमट्यासारखीं दोन गटांत जुळलेलीं, फांदी धरणारें शेपूट, आणि जीभ धडाहूनही लांब. रोमन पंडित प्लिनी यानें हा प्राणी केवळ वारा खाऊन जगतो असें लिहून ठेविलें. आमच्या भागवतांत नृगराजा आपल्या पापाच्या फळानें कृकलास, म्हणजे सरडा, होऊन विहिरींत पडला, आणि श्रीकृष्णाच्या स्पर्शानें मुक्त झाला. त्याच्या रंगबदलावरून राजकारणी पुरुषांस नांवें ठेवण्याची चाल आहे, तीही या प्राण्यावर अन्याय करणारी आहे. तो रंग बदलतो तो बहुधा राग, भीति, ऊन-थंडी यांच्यापायीं. म्हणजे मनांतलें लपविण्यापेक्षां तें कातडीवर उघड करतो. त्याच्या कातडीच्या पेशींत सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्यांचें अंतर कमीजास्त होतांच परावर्तित रंग पालटतो, हें जिनीव्हा येथील शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं मादागास्करच्या एका जातीवरून दाखवून दिलें. आमच्या गांवची समजूत मात्र एवढीच कीं घोयरा विषारी असतो. तो विषारी मुळींच नाहीं. तथापि दिसला कीं दगड उचलला जातो.

आमचें तेलगांव हें रस्त्यांचें गांव. इकडे माजलगांव, तिकडे धारूर. बीडहून परळीस जाणारा रस्ताही येथूनच. दिवाळी झाली कीं उसाच्या गाड्या व ट्रॅक्टर यांची रीघ लागते, आणि त्याच सुमारास गांवांतलीं निम्मीं घरें कुलपें लावून ऊसतोडीस परमुलखांत जातात. आमच्या शेजारच्या घरीं अशा वेळीं एक आजी व तिचा आठवींतला नातू एवढींच राहतात. गेल्या वर्षींच्या हंगामांत आईबापांची गाडी गेल्यावर चारपांच दिवसांनीं तो मुलगा बुटांचें खोकें छातीशीं धरून आमच्या ओसरीवर आला. चाकाखालीं जातां जातां उचललेला घोयरा त्यांत होता.

“सर, ह्येला जगवायचंय. काय काय करावं लागंल?”

त्याच्या स्वरांत नुसती हौस नव्हती. घर रिकामें झालें होतें आणि खोक्यांत कोणी तरी होतें. अशा मुलास प्रथम कायद्याचें कलम ऐकविणें आमच्यानें झालें नाहीं. त्यानें प्रश्न विचारला होता, तेव्हां त्याचें उत्तर देणें प्राप्त होतें.

आम्हीं सांगितलें कीं खोकें चालणार नाहीं. कांचेची पेटीही नको. चोहोंबाजूंनीं जाळी हवी, कारण कोंडलेल्या दमट हवेनें याच्या फुप्फुसांस रोग होतो. आंत चढावयास आडव्या फांद्या व दाट पानें हवींत. वाटींतलें पाणी यास बहुधा पाणी म्हणून कळत नाहीं. हा पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून सकाळसंध्याकाळ पानांवर पाणी शिंपडावें. डोळे खोल गेले, किंवा विष्ठेंतला पांढरा भाग पिवळा पडूं लागला, तर पाणी कमी पडत आहे असें समजावें. दिवसां डोळे मिटून बसला तर तो झोपाळू नव्हे, आजारी आहे. खाणें जिवंत किड्यांचें: टोळ, नाकतोडे, रातकिडे. पण कपाशीवर किंवा भाजीवर औषध मारलेल्या रानांतले किडे आणशील तर तूंच त्यास विष घालशील. ऊन खिडकीच्या कांचेंतून आलेलें उपयोगी नाहीं. ज्या किरणांनीं अंगांत ड जीवनसत्त्व तयार होतें ते कांच अडविते. तें जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेला चुना हाडांस लागत नाहीं, पाय वांकतात, जबडा मऊ होतो, आणि अखेर जीभही नेम धरीनाशी होते. मात्र उन्हाजवळच सावली हवी. दुसरा घोयरा शेजारीं ठेवूं नये, आरसासुद्धां नको. हातांत वरचेवर घेऊं नये, कारण तो माया समजत नाहीं, धरलें एवढेंच समजतो. आणि ती मादी असेल तर खालीं उकरण्याजोगी माती हवी. ती न मिळाल्यास अंडीं पोटांत अडकून मादी मरते.

मुलगा वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेत होता. लिहून झाल्यावर त्यानें तें सगळें मनांत वाचलें आणि म्हणाला, “मंग हे तर झाडच झालं की, सर.”

मग आम्हीं कायदा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें घोयरा पकडणें वा पाळणें हा गुन्हा आहे. परदेशी जातींचा प्रकार वेगळा. १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झालेल्या करारान्वयें त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, आणि २०२४ च्या नियमांनीं आपल्याकडे अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. पुण्यास आमच्या एका स्नेह्यांकडे येमेनांतला, डोक्यावर उंच शिरपेंच असलेला असा एक सरडा आहे. त्याच्यासाठीं खास किरणांचा दिवा असून तो उजेड देत असतांनाच ठराविक महिन्यांनीं बदलावा लागतो, कारण उजेडाआधीं किरण क्षीण होतात. स्नेही हें सर्व निष्ठेनें करतात. प्राणीही निरोगी आहे. एवढा खटाटोप करून माणूस एक फांदी आणि एक सकाळ तेवढी बनवितो, हें पाहून आम्हांस त्यांचें कौतुकही वाटलें आणि थोडें हंसूंही आलें.

“पण रस्त्यावर सोडला तर मरंल,” मुलगा म्हणाला. हें त्याचें म्हणणें खरें होतें. घोयरा जखमी असता तर आम्ही वनखात्यास कळविलें असतें. शिरूर कासार तालुक्यांत तागडगांव येथें ‘सर्पराज्ञी’ हें जखमी वन्यप्राण्यांचें केंद्र आहे, तेथेंही त्याची सोय झाली असती. परंतु त्याची पकड घट्ट होती, डोळे टवटवीत होते. मुलाच्या घरामागें, रस्त्यापासून पुष्कळ आंत, बाभूळ, बोर आणि शेर यांचें जुनें कुंपण आहे. तेथें त्यानें स्वतः फांदीला खोकें टेकविलें. घोयरा बाहेर यावयास पाव तास लागला.

पुढें पौषांत शेताच्या मालकानें तें कुंपण तोडून तारा ओढण्याचें ठरविलें. आजकाल सगळीकडेच तें चाललें आहे. तार स्वच्छ दिसते, जागाही कमी खाते. आजी त्याच्या दारीं जाऊन बसली. ती काय बोलली तें आम्हांस कळलें नाहीं. पण घरामागचा वीसएक हातांचा तुकडा तेवढा राहिला.

पाडव्याच्या सुमारास पट्टा पडला आणि आईबाप परतले. गाडींतून भांडींकुंडीं उतरावयाचीं होतीं तोंच मुलानें आईस वही दाखविली. तींत रोजची तारीख आणि पुढें ‘दिसला’ किंवा ‘नाही’ असें लिहिलेलें होतें. थंडीच्या दिवसांत ‘नाही’ फार. तिला वाचतां येत नव्हतें, म्हणून त्यानें तें सर्व मोठ्यानें वाचून दाखविलें. मग तिघें कुंपणाशीं गेलीं. बराच वेळ शोधल्यावर बोरीच्या आडव्या फांदीवर तो प्रथम आजीलाच दिसला.

“ह्यो खातो काय रं?” आईनें विचारलें, आणि मुलगा सांगूं लागला.