फुटवॉल

आमच्या अंगणाला उतार आहे. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून आजोबांनीच तो तसा ठेवला होता. ओसरीची बाजू उंच, रस्त्याची बाजू खाली. या उताराचा माझ्या धंद्याशी काही संबंध असेल, हे मला बत्तिसाव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं.

गाव पाटणच्या पुढं, कोयनेच्या काठाला. वर वांकुसवड्याचं पठार आणि पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा. त्यांच्या देखभालीला येणाऱ्या माणसांना पावसाळ्यात वर न्यायचं म्हणजे तांबड्या चिखलातून गाडी काढायची. मी आयटीआय करून रस्त्याला गॅरेज टाकलं होतं. पण नुसत्या गॅरेजवर भागत नव्हतं, म्हणून 2013 साली पुण्याहून एक जुनी गाडी विकत आणली. 2004 सालची, जपानी बनावटीची, चारही चाकांनी ओढणारी. नवी होती तेव्हा कुणा उद्योगपतीच्या दारात उभी असायची म्हणे. कातड्याच्या सीटा, छताला सरकती काच, आणि मोठ्या गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा. तो दांडा 'लो'मध्ये टाकला की गाडी रेड्यासारखी मान खाली घालून चढ चढायची. गावातली पोरं तिला राजाची गाडी म्हणायची.

राजाची गाडी म्हातारी झाली की तिची दुखणीही राजाची असतात. पहिल्याच पावसाळ्यात छतातून थेट माझ्या डोक्यावर थेंब पडायला लागले. मी काचेचं रबर बदलायला निघालो होतो. मग कळलं की त्या काचेच्या कडेनं पाणी आत येणारच, ते गृहीतच धरलेलं असतं. ते वाहून जायला चार कोपऱ्यांना चार बारीक नळ्या असतात. त्या आंब्याच्या मोहोरानं आणि धुळीनं तुंबल्या होत्या. धरणावर मासे धरणाऱ्या एकाकडून जाड तंगूस आणला, नळ्यांत हळूहळू सारला, आणि पाणी चाकांपाशी खाली पडायला लागलं. खर्च शून्य. पुढं घाटात गाडी तापायला लागली. तेव्हाही रेडिएटर आणि एसीची जाळी यांच्या मधोमध गवताचं बी आणि मातीचा थर बसलेला सापडला. आतून बाहेर पाणी मारून तो काढला. ओढ्यातून गाडी काढली की डिफरन्शियलचं ऑइल बघायचं, ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं असं समजायचं, हेही तिनंच शिकवलं. दोन वर्षांत मला वाटायला लागलं, आपल्याला ही गाडी कळली.

2015 च्या जुलैत ती सकाळी चालू व्हायला कुरकुर करायला लागली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, फिरतच राहायचं, पण पकडायचं नाही. चार-पाच वेळा सेल्फ मारला की भसकन पांढरा धूर सोडून चालू व्हायची आणि मग दिवसभर तक्रार नाही. बॅटरी तपासली, चांगली. हीटर प्लग तपासले, चारही गरम होत होते. डिझेल फिल्टर नवा घातला. एका सकाळी वर जायला पाच माणसं अंगणात उभी होती आणि गाडी चालूच होईना. ती माणसं दुसरी गाडी करून गेली. मी बॉनेट उघडून उभा होतो आणि शेजारचे दोघं-तिघं माझ्याकडं बघत होते. त्यातल्या एकानं विचारलं, "काय झालंय रं?"

मला माहीत नव्हतं. पण मी म्हणालो, "पंप गेलाय."

एकदा तोंडातून गेलेला शब्द माघारी घेता येत नाही, त्यातून मी गावचा मेकॅनिक. कराडला पंप नेला. तिथल्या माणसानं तो मशीनवर लावला आणि म्हणाला, "थोडा झिजलाय. करून घेतला तर बरं." अकरा वर्षं चाललेला पंप झिजलेला असणारच. हे मला तेव्हा समजायला हवं होतं. जुन्या गाडीत दोष सापडणं अवघड नसतं, हात लावाल तिथं सापडतो. आपण जो शोधतोय तो सापडणं अवघड. मला एक दोष सापडला आणि तोच तो, असं मी धरून चाललो.

खर्च निघाला अडतीस हजार. गाडीचे हप्ते चालू होते, हातात पैसा नव्हता. आईची एक म्हैस होती, चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. तिचं दूध डेअरीला जायचं आणि दहा दिवसांचं बिल आईच्या हातात यायचं. घरात आईचा म्हणावा असा तेवढाच पैसा. मी विचारलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "मग गाडी नीट हुईल न्हवं?" मी म्हणालो, "होणार म्हणजे होणारच." दावं तिनंच सोडलं. चंद्री बेचाळीस हजाराला गेली.

पंप बसवला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. आठवडाभर मी गॅरेजमध्येच मुक्कामाला होतो, गाडीही तिथंच, सपाट जागेवर. नव्यानं आवळलेले पाइप, नुकतीच काढलेली एअर, त्यामुळं सगळं झकास चाललं. आठव्या दिवशी गाडी घरी आणली, ओसरीकडं तोंड करून लावली आणि नवव्या दिवशी सकाळी ती पुन्हा चालू होईना.

त्या दिवशी मी आईकडं बघितलं नाही. तीही काही बोलली नाही. गोठ्यात मोकळ्या खुंट्यापाशी झाडत होती.

तात्या, म्हणजे माझे वडील, गाडीतलं काही जाणत नाहीत. त्यांना स्टेअरिंग कधी धरता आलं नाही. पण नदीवरची पाण्याची मोटर तीस वर्षं त्यांनीच सांभाळली. वीज येईल त्या वेळेला उठायचं, काठावर जायचं, मोटर चालू करायची. त्यामुळं अंगणात पहाटे काय चाललंय हे घरात सगळ्यांत आधी त्यांना दिसायचं. दोन दिवसांनी चहा पिता पिता ते म्हणाले, "ह्या गाडीची एक खोड बगितली का तू? तोंड वर करून लावली की रुसती. परवा पाव्हण्यांची गाडी मधी हुती म्हणून तू उलटी लावलीस, तर सकाळी गपगुमान चालू झाली."

मी म्हणालो, "तात्या, त्याचा काय संबंध?"

"मला काय ठावं? पर आपली मोटर सकाळी पाणी कधी सोडती? फुटवॉल गळाय लागला की. रातभर पाइपातलं पाणी नदीत उतरतं. सकाळी मोटर नुसतीच फिरती, पाणी वर येतच न्हाय. मग आपण बादलीनं पाणी ओतून पाइप भरून घेतो. तुझ्या गाडीचा फुटवॉल कुठं असतू?"

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. टाकी गाडीच्या मागच्या अंगाला, खाली. इंजिन पुढं. तोंड वर करून लावली की इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच जातं. मधे कुठं हवा शिरत असेल, तर रात्रभरात डिझेल पाइपातून टाकीकडं उतरणार आणि सकाळी पंप हवा ओढत बसणार. खाली तोंड करून लावली की डिझेल जागच्या जागी राहणार. आयटीआयच्या वहीत 'एअर लॉक' हा शब्द मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला होता. पण गळती म्हणजे बाहेर डिझेल ठिबकणार, अशीच माझी समजूत. ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर ठिबकत नाही, आत हवा घेते. बाहेरून सगळं कोरडंठाक दिसतं.

त्या रात्री स्वच्छ कॅनमध्ये दोनदा गाळलेलं डिझेल भरलं, कॅन आंब्याच्या फांदीला बॉनेटच्या वर टांगला आणि त्याची नळी थेट पंपाला जोडली. टाकी नाही, फिल्टर नाही. गाडी तोंड वर करूनच उभी केली. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू झाली. मग एक पारदर्शक नळी आणली. आधी ती टाकी आणि फिल्टर यांच्या मधे जोडली, डिझेल अखंड. मग फिल्टर आणि पंप यांच्या मधे जोडली. बारीक बुडबुडे एकामागून एक मण्यांसारखे सरकताना दिसले. म्हणजे हवा फिल्टरच्या डोक्यावरच शिरत होती. तिथं एअर काढायचा हातपंप असतो. तो खोलला तर आतलं रबर वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखं झालेलं. मी फिल्टर बदलला होता, पण त्या हातपंपाकडं बघितलंच नव्हतं.

रबराचा संच एकशे ऐंशी रुपयांना मिळाला. बसवायला पाऊण तास लागला.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. पंपाला काही झालं नव्हतं, हेही सांगितलं. तिनं विचारलं, "कितीला आलं ते रबर?"

"एकशे ऐंशी."

ती बराच वेळ खडे वेचत राहिली. मग सूप पाखडत म्हणाली, "दुसऱ्याच्या गाडीला असं करू नगंस."

तेवढंच. पुढं कधीही तिनं तो विषय काढला नाही. दीड वर्षानं मी दुसरी म्हैस आणून त्या खुंट्याला बांधली. तिचं नाव आईनं चंद्री ठेवलं नाही.

यावरून मी एक मोठा नियम करून बसलो होतो की, आधी स्वस्तातलं बघायचं. नियम चांगलाच आहे. पण दोन वर्षांनी गाडी पुन्हा तापायला लागली, तेव्हा त्याच नियमाला चिकटून मी आधी झाकण बदललं, मग थर्मोस्टॅट, मग पाइप, आणि प्रत्येक वेळी वर फेरी मारून आलो. शेवटी झाकण काढून इंजिन चालू ठेवलं तर रेडिएटरात बुडबुडे उसळताना दिसले. हेडला तडा गेला होता. आधीच थांबलो असतो तर गॅस्केट आणि हेडवर भागलं असतं, पण तापलेलं इंजिन पळवत राहिल्यानं आणखी काम निघालं. म्हणजे दर वेळी स्वस्ताचंच खरं असतं असं नाही. आधी दोष पक्का करायचा, मग पाना हातात घ्यायचा. दोष पक्का करायला लागते ती एक कॅन, एक नळी आणि एक रात्र.

आणि लागतं एक वाक्य. ते त्या सकाळी, शेजारी बघत असताना, मला बोलता आलं असतं तर चंद्री गोठ्यात राहिली असती. आता माझ्याकडं जुन्या मोठ्या गाड्या लांबून येतात. मालक घाईत असतात, बॉनेट उघडायच्या आत विचारतात, "काय झालंय? किती खर्च येईल?" मी सांगतो, "मला अजून कळलेलं नाही. गाडी रात्रभर ठेवून जा." काही जण नाराज होतात. एक-दोघं गाडी घेऊन दुसरीकडं गेलेसुद्धा. बाकीचे ठेवतात.

तात्या आता ऐंशीला आलेत, नदीवर जात नाहीत. राजाची गाडी मात्र अजून पठार चढते. घरी आणली की मी ती अजूनही तोंड वर करूनच लावतो. बायको म्हणते, उलटी लावली तर सकाळी निघायला सोपं पडेल. तिचं बरोबर आहे. पण कुठं रबर वाळायला लागलं असेल, तर ते मला इथं, अंगणातच कळलेलं बरं.