हवेवरचे झाड

आमच्या दोन खोल्यांच्या घरात झाडे म्हणावीत अशी तीनच होती. तेलाच्या डब्यातली कोरफड, फुटक्या बादलीतला गवती चहा आणि बाटलीत वाढणारा मनीप्लांट. २०२३ च्या मे महिन्यात त्यात दोन पाहुण्यांची भर पडली. आमची थोरली लेक पुण्याला नर्सिंगचे शिक्षण घेते. सुट्टी संपवून परत निघताना तिने रोपवाटिकेतून दोन लहानशी झाडे आणली. मुठीत मावतील एवढी, अननसाच्या शेंड्यासारखी दिसणारी. कुंडी नाही की माती नाही.

आमच्या आई म्हणाल्या, "अगं, हे तर बांडगूळ!"

लेक हसली. "नाही आजी. बांडगूळ दुसऱ्या झाडात मुळं घुसवून त्याचा रस पितं. हे नुसतं फांदीवर बसतं. कुणाचं काही घेत नाही."

हे एअर प्लांट, म्हणजे हवेवरचे झाड. याचे शास्त्रीय नाव टिलँडसिया. मूळचे अमेरिका खंडातले आणि अननसाच्या कुळातले. याच्या सहाशेहून अधिक जाती आहेत. याची मुळे फक्त धरून बसण्यापुरती असतात. पाणी पितात ती पाने. पानांवर रुपेरी भुकटीसारखे बारीक खवले असतात, ते पाणी टिपतात. आमच्या आयुष्मतींनी ती धूळ समजून ओल्या फडक्याने पुसायला घेतली होती. लेकीने वेळीच हात धरला म्हणून बरे.

जाताना ती आम्हांला म्हणाली, "पप्पा, हवेवर जगतं म्हणून त्याला वाऱ्यावर सोडू नका हं."

वाक्य आम्हांला आवडले. अर्थ मात्र तेव्हा कळला नाही.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. झाडांचे ज्ञान बेताचेच. एक झाड आम्ही शोभेसाठी काचेच्या बरणीत ठेवून टीव्हीवरच्या फळीवर मांडले. दुसरे करवंटीच्या तुकड्याला सुतळीने बांधून खिडकीच्या ग्रीलला टांगले. जून संपता संपता दोघांच्या पानांची टोके तपकिरी झाली. आम्ही मनाशी ठरवले, तहान लागली असणार. मग रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर, हातपाय धुण्याआधी, दोघांवर पाणी मारू लागलो. टोके आणखी वाळली. आम्ही पाणी आणखी वाढवले.

रविवारी लेकीचा फोन येई. रविवारीच आमचा वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग असतो. एक पाय चपलेत घालून आम्ही बोलत असू.

"पप्पा, झाडं कशी आहेत?"

"ठीक आहेत. तू कशी आहेस?"

"मी पण ठीक आहे."

संपला फोन. वस्तीतल्या तीस मुलांची नावनिशीवार चौकशी करणारे आम्ही, आपल्या लेकीला दोन मिनिटे देत होतो. वर झाडांबद्दल खोटेही बोलत होतो. एवढ्याशा गोष्टीवरून पोरीचा जीव कशाला खाली-वर करायचा, अशी मनाची समजूत घातली होती.

ऑगस्टमध्ये बरणीतले झाड पिशवीत घालून आम्ही कचेरीच्या आवारातल्या माळीकाकांना दाखवले. त्यांनी पाने पाहिलीच नाहीत. झाड उलटे केले आणि बुडावर अंगठा दाबला. मग मधले एक पान हलकेच ओढले. ते लोण्यातून केस निघावा तसे बाहेर आले. बूड काळे पडून मऊ झाले होते आणि त्याला कुजका वास येत होता.

"साहेब, हे आतून गेलंय. तुम्ही टोकंच बघत बसलात."

त्याच आठवड्यात पुण्याहून लेकीच्या मैत्रिणीचा फोन आला. लेकीला कावीळ झाली होती. आठ दिवस ती अंथरुणावर होती आणि आम्हांला "ठीक आहे" सांगत होती. आम्ही उभयता मिळेल त्या गाडीने पुण्याला गेलो. पिवळी पडलेली लेक उशीला टेकून बसली होती. पहिला प्रश्न तिने झाडांचाच केला. आता खोटे बोलवेना. "एक गेलं, बेटा. आम्ही तुझ्याशी खोटं बोललो," असे सांगितले. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मी पण खोटंच बोलत होते, पप्पा. तुमची धावपळ नको म्हणून."

आम्ही तिला घरी आणले. तीन आठवड्यांत ती हिंडूफिरू लागली आणि खाटेवर बसूनच आमची शिकवणी सुरू झाली. तिने सांगितलेले आणि आम्ही पुढे वाचून मिळवलेले येथे देत आहोत. कुणाच्या घरी असे झाड असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, बूड पाहा. पानांची टोके पाणी कमी झाले तरी वाळतात आणि जास्त झाले तरी वाळतात. जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय हिशेब लागत नाही, तसेच हे. बूड घट्ट असेल, पाने आत वळून पन्हळीसारखी झाली असतील आणि टोके कुरकुरीत असतील, तर ती तहान. बूड काळे किंवा मऊ असेल आणि मधली पाने ओढताच हाती येत असतील, तर ती कुज. मधला गाभा कुजला की झाड बहुधा वाचत नाही. बाहेरचीच दोन-चार पाने सडली असतील तर ती काढून टाकावीत आणि झाड मोकळ्या हवेत कोरडे होऊ द्यावे.

दुसरी गोष्ट, पाणी सकाळी द्यावे. या झाडाची श्वासाची छिद्रे रात्री उघडतात. संध्याकाळी भिजवले तर ओल्या पानांनी त्याचा श्वास कोंडतो. आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटे पाण्यात बुडवावे, मग उलटे धरून झटकावे. चार तासांत ते पुरते सुकले पाहिजे. बंद बरणी त्याला मानवत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा पाने मिटू लागली तरच पाणी. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार पानांवर बसून ते खवले बुजतात. पावसाचे पाणी सर्वांत चांगले.

तिसरी गोष्ट, पानांवर एकाच बाजूला फिकट, कोरडे डाग पडले तर ते उन्हाने भाजले आहे असे समजावे. दुपारच्या उन्हातून काढून सकाळचे कोवळे ऊन लागेल अशा खिडकीत ठेवावे. जुने डाग जात नाहीत, पण नवी पाने चांगली येतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. नळाखाली धुवावे, पाणी मिसळलेल्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे आणि बरे होईपर्यंत इतर झाडांपासून लांब ठेवावे.

चौथी गोष्ट, तांबे. झाड बांधायला तांब्याची तार वापरू नये आणि त्यावर मोरचुदाचे औषध फवारू नये. तांबे या झाडाला विष आहे.

एवढे शिकूनही आम्ही पुन्हा चुकलो. दुधाने तोंड पोळलेले आम्ही ताकही फुंकू लागलो. कुजेच्या भीतीने ग्रीलवरच्या झाडाचे पाणीच तोडले. ऑक्टोबरच्या उन्हात त्याची पाने सुरळीसारखी वळली. या वेळी मात्र आम्ही आधी बूड दाबून पाहिले. घट्ट होते. मग लेकीला फोन लावून खरे ते सांगितले. तिने उपाय सांगितला. रात्रभर उघडे ठेवलेले नळाचे पाणी, सकाळी तासभर झाड त्यात बुडवायचे, आठवड्यातून दोनदा. आम्ही जुन्या डायरीत तारखा मांडल्या. तिसऱ्या आठवड्यात पाने उलगडू लागली.

२०२५ च्या फेब्रुवारीत त्याची मधली पाने लाल झाली आणि त्यातून जांभळी फुले आली. आमच्या आईंनी शेजारच्या चार घरांना बोलावून दाखवली. फुले गेल्यावर झाड हळूहळू निस्तेज होऊ लागले. आम्ही पुन्हा घाबरलो. पण तो आजार नव्हता. हे झाड एकदा फुलते, मग पायाशी पिल्ले धरते, त्यांना वाढवते आणि सावकाश संपते. पिल्लू आईच्या निम्म्याएवढे झाले की वेगळे करता येते. आमच्या झाडाने दोन पिल्ले दिली. एक ग्रीलवर आहे, दुसरे लेकीबरोबर पुण्याला गेले.

आता रविवारचा फोन अभ्यासवर्गाच्या आधी, बसून होतो. "ठीक आहे" या शब्दाला आमच्या घरात बंदी आहे. काय खाल्ले, झोप लागली का, पैसे पुरले का, असे एकेक विचारायचे आणि एकेकाचे उत्तर द्यायचे. वाचक बंधू-भगिनींनो, तुमचीही मुले शिक्षणासाठी लांब गेली असतील. ती शहाणी असतात, आईबापाच्या काळजीपोटी सगळे हिरवेगार दाखवतात. आपण टोकांवर विसंबू नये. जरा उलटे करून, बुडाशी हात लावून पाहावे.