पिंपातली पोपटी

कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसाला 'बॅरल' या शब्दाचं अप्रूप ते काय असणार? बातम्यांत रोज बॅरलचा भाव, ऑफिसात बॅरलचा हिशेब! पण तो बॅरल म्हणजे ४२ गॅलनचं, सुमारे १५९ लिटरचं नुसतं माप. बाजारात लोखंडी पिंप मिळतं ते २०० लिटरचं. हे ज्ञान मला मागच्या जानेवारीत झालं, अशाच एका पिंपात कोंबडी शिजवायला निघालो तेव्हा.

१९४० च्या दशकात तेल कंपनीसाठी वसवलेल्या अहमदीत माझ्या एका सहकाऱ्याचं बैठं घर आहे आणि मागे चक्क अंगण! आम्हा मंगफच्या फ्लॅटवाल्यांना त्याचा भारी हेवा. त्याने शुवैखच्या इंडस्ट्रियल भागातून कोरं पिंप आणलं. तेल किंवा रसायन कधी न भरलेलं आणि जस्ताचा मुलामा नसलेलं, कारण जस्त तापलं की त्याचा धूर अपायकारक. तळाशी हवेसाठी चार भोकं, त्यांच्यावर निखाऱ्यांची टोपली, वरच्या बाजूला मांसासाठी जाळी आणि झाकणाला छोटं धुराडं. आतला रंग जळून जावा म्हणून आधी एक दिवस नुसताच जाळ केला.

त्या सुमारास अण्णा आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. अलिबागजवळच्या वाडीत आयुष्य गेलेला माणूस. सातव्या मजल्यावरच्या खिडकीशी दिवसभर गप्प बसून असायचे. आठव्या दिवशी म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ." मी विषय टाळला आणि शुक्रवारी त्यांना बळेच अहमदीला नेलं.

कोळसे पेटवले, वर बाभळीच्या जातीच्या लाकडाचे तुकडे टाकले आणि मसाला लावलेल्या तंगड्या लगेच जाळीवर मांडल्या. पांढऱ्याशुभ्र धुराचे लोट निघाले. आम्ही दोघे खूश! शाल पांघरून खुर्चीत बसलेले अण्णा मात्र उठलेच.

"अरे, काढ ती कोंबडी बाहेर! चूल धुमसत असताना तुझ्या आईनं कधी भाकरी टाकली का?"

त्यांनी खाली वाकून सगळी भोकं मोकळी केली. हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं आणि तो दाट धूर पदार्थाला कडवट करतो. पंधरा-वीस मिनिटांत धूर विरळ, निळसर झाला. "आता ठेव," अण्णा म्हणाले. मग दोन भोकं बंद करून त्यांनी आच मंद केली.

तेवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले? "वहिनी, मडकं आहे का घरात?" वहिनींनी मातीची हंडी काढली. फ्रीजरमधली पापडी, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. पाणी आणि तेल अजिबात नाही. भांबुर्ड्याचा पाला तेवढा या वाळवंटात कुठून मिळणार? मुलांना गोळा करून अण्णा सांगू लागले, की थंडी पडली की आमच्याकडे वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवतात, "आणि भांबुर्डा तुमची आजी बांधावरून आणायची. दुसऱ्या कुणी आणलेला तिला चालायचा नाही!"

आई गेल्यापासून तिचं नाव त्यांनी प्रथमच काढलं होतं. तेही हसत.

अडीच तास लागले. आमचा थर्मामीटर पिंपात १२० अंश दाखवत होता. कोंबडी आतून ७४ अंशांच्या वर गेल्याशिवाय काढायची नाही, असं आम्ही वाचलेलं. अण्णांनी हंडीवर पाण्याचा हबका मारला, चुर्र आवाज झाला आणि म्हणाले, "झालं."

खरं सांगायचं तर कोंबडी फर्मास झाली, पोपटी मात्र बेताचीच. भांबुर्ड्यावाचून ती नुसती वाफवलेली पापडी! पण अण्णांनी दोनदा मागून घेतली. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही; ठरल्या तारखेलाच ते परत गेले.

आता दर शुक्रवारी फोन येतो. तब्येतीची चौकशी नंतर, आधी प्रश्न ठरलेला, "पिंप पेटवलंस का? धुराचा रंग बघूनच ठेव हो!"