आडनाव टॅनर



गेली दोन वर्षं मी लडलोमध्ये राहते. वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशायर परगण्यातलं हे बाजारपेठेचं जुनं गाव. वस्ती दहा-अकरा हजार. अकराव्या शतकाच्या अखेरीचा किल्ला, त्याच्या दारासमोर भरणारा बाजार, काळ्या लाकडी चौकटींची चारशे वर्षांची घरं. फोटो टाकला की मैत्रिणी लिहितात, 'काय नशीब काढलंस!' नशिबाचं माहीत नाही. इथल्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं हे माझं काम. समाजशास्त्राचं एम.ए. आणि वस्तीतल्या कामाची आठ वर्षं सध्या इथे येऊन थांबली आहेत.

लहान गावाची मला आधीपासून धास्ती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या कौतुकाचा कसा समाचार घेतला ते आपल्याला पाठ आहे, आणि मी तर खेड्यातच वाढले. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे आपलीही ओळख पक्की असते. लडलोतही सगळे सगळ्यांना ओळखतात. मी कुठल्या बसने कामाला जाते ते बाजारातल्या भाजीवाल्यालाही ठाऊक. मग इथे जीव गुदमरत का नाही, हा प्रश्न मला पहिल्याच हिवाळ्यात पडला.

उत्तराचा एक धागा मला कोर्व्ह स्ट्रीटवर सापडला. हा रस्ता उतरत उतरत कोर्व्ह नदीपर्यंत जातो. खालच्या टोकाला पूर्वी चामडं कमावणारे असत. पाणी लागतं म्हणून नदीकाठ, आणि दुर्गंधी येते म्हणून गावाचं टोक. म्हणजे गावकुसाबाहेरची कल्पना इथेही होती म्हणा ना! पुढे १८०० च्या सुमारास कातड्याचे हातमोजे शिवण्यावर इथली कितीतरी घरं जगत होती. इंग्रजीत टॅनर म्हणजे कातडं कमावणारा, स्किनर म्हणजे कातड्याचा धंदा करणारा, ग्लोव्हर म्हणजे हातमोजे करणारा. ही आडनावं लोक सहज लावतात, पाटीवर लिहितात, कुणी बदलून घ्यायला कोर्टात जात नाही. आमच्या एका आजींचं आडनाव यातलंच आहे. एकदा केस विंचरताना मी त्यांना त्याबद्दल विचारलं, तर खळखळून हसल्या. म्हणाल्या, 'आमच्यातला कुणीतरी भयंकर घाण वास मारत असणार!'

मला माझे आजोबा आठवले. ते मेलेली ढोरं ओढायचे. आपल्याकडे ढोर ओढणारा महार, कातडं कमावणारा ढोर, जोडा शिवणारा चांभार. एका जनावराच्या कातड्यावर तीन जाती, आणि त्या तिघांतही वर-खाली. १९५६ नंतर आजोबांनी ते काम टाकलं. गावाने त्यांना मारायची हाक मात्र बदलली नाही. आजी हसू शकतात कारण त्यांच्या घराण्याला लागलेला वास धंद्याचा होता. धंदा सुटला, वास गेला. आजोबांच्या अंगाला वास नव्हताच, तरी तो माझ्या वडिलांना शाळेत आला.

यावर आमचे काही मित्र म्हणतील, झाली सुरू इंग्रजांची आरती. तसं नाही. हा किल्ला १८११ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने विकत घेतला. तोच मुलगा टिपू पडला तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता. पैसा कुठला, हे मला कुणी शिकवायला नको. दुसरीकडे, प्लासीला क्लाइव्हच्या फौजेत अस्पृश्य दुसाध लढले हेही बाबासाहेबांनीच मांडलेलं आहे. वर्ग इथे हाडात आहे. ब्रॉड स्ट्रीटवरच्या घरात मी फक्त कुणाला तरी आंघोळ घालायलाच जाऊ शकते. रंगावरून टोमणेही ऐकलेत.

पण जात मला इथे भेटली ती मराठीतून.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक सीनिअर ताई आल्या, पुण्याकडच्या. केवढा आनंद झाला मला! पोटभर मराठी बोलले. त्यांनी आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही लागत नाही. मग गाव विचारलं. मग, 'तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?' मी म्हटलं, 'नाही ताई, आम्ही बौद्ध.' 'अच्छा,' एवढंच त्या बोलल्या. पुढच्या आठवड्यापासून त्यांचा डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, पिशवीला गाठ मारून. माझ्या हातचा चहा ॲसिडिटीमुळे बंद. इंग्रज मुलीच्या हातचा सुरू. शनिवार-रविवारच्या रात्रपाळ्या एकामागून एक माझ्या नावावर.

मॅनेजर बाई भल्या आहेत. पण त्यांना सांगू काय? चहा घेतला नाही म्हणून? त्यांना ती गाठ दिसते, तिचा अर्थ दिसत नाही. इथल्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये जात हा शब्द संरक्षणाच्या यादीत नाही. २०१३ मध्ये संसदेने तो घालण्याचं बंधन सरकारवर टाकलं. इथल्या काही हिंदू संघटनांनी विरोध केला, आणि २०१८ मध्ये सरकारने जाहीर केलं की वेगळा कायदा नको, न्यायालयांचे निकाल पुरे. म्हणजे मुख्यतः २०१४ चा, एका आदिवासी घरकामगार बाईच्या खटल्यातला निकाल: 'वांशिक उगम' या शब्दांत जात बसू शकते. बसू शकते! म्हणजे प्रत्येक वेळी ती बसवून दाखवायची जबाबदारी तिचीच, जिचा व्हिसा मालकाच्या हातात आहे. नोकरी सुटली तर नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात.

इंग्लंडात जात नाही असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: मग ताईंनी माझं गाव कशाला विचारलं?

सध्या मी एक वही ठेवली आहे. तारीख, पाळी, कोण हजर होतं, काय झालं. सतरा नोंदी झाल्यात. युनियनच्या प्रतिनिधी बाई शनिवारी सकाळी भेटतात. दोनदा वेळ ठरवली, दोन्हीदा आदल्या रात्रीची पाळी लागली. पाळ्या ताईच लावतात.