मांडीवरचे हात

नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे चित्र मी प्रथम सेमिनरीत, चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिले. झाक लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराची ती कृती जवळजवळ १० मीटर रुंद आहे. नेपोलियन सम्राज्ञी जोसेफिनला मुकुट घालतो आहे; त्याच्या मागे बसलेल्या पोप सातवे पायस यांचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे.

पुढे कित्येक वर्षांनी त्या चित्राची पूर्वरेखाटने पाहण्यात आली. आधी उघडे शरीर रेखाटायचे आणि मग त्यावर वस्त्रे चढवायची, ही दाविदची शिस्त. लूव्र संग्रहालयातील एका रेखाटनात नेपोलियन स्वतःच्याच मस्तकी मुकुट ठेवतो आहे. २ डिसेंबर १८०४ रोजी नोत्र दाममध्ये घडले होते तेच. पोप महोदय मागे बसलेले, दोन्ही हात मांडीवर. रंगीत चित्रात तो हात वर गेला, तो सम्राटाच्या इच्छेने. (त्याच सम्राटाने १८०९ साली त्यांना बंदिवासात टाकले.)

माझाही हात एकदा असाच वर गेला. आमच्या सभागृहाला घसघशीत देणगी देणाऱ्या एका गृहस्थाच्या इमारतीची पायाभरणी होती. ती जमीन कोणाकडून आणि कशी घेतली गेली, हे मला ठाऊक होते. त्या घरची म्हातारी कुंपणापाशी उभी होती. पवित्र पाणी शिंपडताना मी तिकडे पाहिले नाही.

पुढच्या रविवारी ती नेहमीप्रमाणे रांगेत उभी राहिली आणि माझ्याच हातून तिने ख्रिस्तशरीर स्वीकारले.