माले काय झेपी ते सांग

सगळ्यांना एकच पुस्तक सुचवणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे. लग्न ठरलंय? हे वाच. नोकरी गेली? हेच वाच. मध्यंतरी याच जातीच्या कुणीतरी माझ्या भडगावच्या भाच्याला ‘क्लॅनाड’ वाचायला लावली. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये सर्वश्रेष्ठ म्हणे. भाच्याने एक-दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आणि फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, ‘मामा, तुमच्या जपानचं काही खरं नाही. पोरं शाळेत जातात, पाव खातात, घरी येतात.’

आता ‘क्लॅनाड’ ही 2004 ची कादंबरी. सगळ्या वाटांनी वाचायची तर शंभर तासांच्या घरात जाते, आणि तिचा जीव आहे शेवटच्या भागात. पहिल्या दोन संध्याकाळी पाव खाण्यातच जाणार. ज्याला क्रिकेटचा सामनासुद्धा हायलाइट्समध्येच बघायला आवडतो, त्याच्या हातात हे द्यायचंच नव्हतं. यात कादंबरीचा दोष नाही आणि भाच्याचाही नाही. दोष सुचवणाऱ्याचा आहे.

माझ्या ऑफिसात एक पोरगा आहे, त्याला कुणी ‘चांगलं काहीतरी सांग’ म्हटलं की तो आधी उलटे प्रश्न विचारतो. रडायचंय, घाबरायचंय की डोकं चालवायचंय? सलग किती वेळ बसू शकता? आणि रात्री झोपण्यापूर्वी वाचणार की गाडीत? मग म्हणतो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी एकच नाव देतो. मला ही पद्धत डॉक्टरपेक्षाही बरी वाटते, कारण डॉक्टर दुसऱ्या दिवसापर्यंत विचार करत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर चित्र, खाली तीन-चार ओळींचा मजकूर, मागे संगीत. बटण दाबलं की पुढची ओळ. मधूनच कादंबरी थांबते आणि विचारते, आता काय करू? तुम्ही ठरवाल तशी गोष्ट वळते.

आमच्याकडच्या माणसाला मी हे पाटाच्या पाण्यावरून समजावतो. गिरणा धरणातून आवर्तन सुटलं की पाणी जामद्याच्या बंधाऱ्याशी येतं, तिथून कालव्यात शिरतं, कालव्यातून पाटचारीत, पाटचारीतून शेताच्या चारीत. प्रत्येक फाट्यावर दार. दार उचललं तर या शिवाराला पाणी, पाडलं तर त्या. तुमचा कापूस भिजतो तेव्हा शेजाऱ्याचा कोरडा असतो, आणि शेजाऱ्याच्या शेतात त्या रात्री काय झालं हे तुम्हाला त्याची पाळी आल्याशिवाय कळत नाही. टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. वरच्या सगळ्यांचं भिजल्याशिवाय त्याच्या बांधाला ओल लागत नाही. व्हिज्युअल नॉव्हेलचा खरा शेवट हा असा टेलला असतो. बाकीच्या वाटा एकेक करून भिजवा, मग शेवटची चारी आपोआप उघडते. काही कादंबऱ्यांना दारंच नसतात, नुसता सरळ पाट. आणि एक फरक मोठा आहे. इथे मागे जाऊन तेच आवर्तन पुन्हा सोडता येतं, उचललेलं दार पाडून बघता येतं. गिरणेवर ही सोय असती तर पाटकऱ्याला रात्री-अपरात्री उठवणं थांबलं असतं आणि निम्मी भाऊबंदकी मिटली असती. असो. पाण्यावर बोलायला लागलो की खानदेशी माणूस थांबत नाही.

आता माणसांकडे येतो.

बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली एक पिढी आमच्या घराण्यात अजून आहे. त्यांच्यासाठी ‘कामाइताची नो योरु’, 1994. चुनसॉफ्ट कंपनीची, लेखक आबिको ताकेमारू, जे मुळात रहस्यकथाकारच. बर्फाच्या वादळात डोंगरातल्या एका लॉजवर अडकलेली माणसं, आणि एका खोलीत तुकडे केलेलं प्रेत. पात्रांना चेहरे नाहीत, नुसत्या निळसर सावल्या. कुणाचा चेहरा वाचता येत नसल्यामुळे सगळ्यांचाच संशय येतो. एका टप्प्यावर कादंबरी खुन्याचं नाव विचारते आणि ते तुम्हाला स्वतः अक्षर-अक्षर भरावं लागतं. पर्यायांतून अंदाजपंचे निवडायची सोय नाही. चुकलात तर पुढचा खून पडतो. पडद्यावर वाचायच्या रहस्यकथेची मी पाहिलेली ही सर्वांत प्रामाणिक परीक्षा. इंग्रजीत ती आज सहज मिळत नाही, म्हणून त्याच घराण्यातली ‘428 शिबुया स्क्रॅम्बल’ देतो. 2008 ची, इंग्रजीत 2018 ला आली. चित्रांऐवजी खऱ्या नटांचे फोटो, पाच नायक आणि टोकियोतल्या शिबुयातला एकच दिवस. एकाने घेतलेल्या साध्या निर्णयाने दुसऱ्याचा जीव जातो. शिबुया स्टेशनाबाहेर हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी कुणाची वाट पाहत उभा असलो की ती गर्दी आता मला वेगळी दिसते.

नारायण धारप किंवा मतकरींच्या गूढकथा ज्यांना रात्रीच वाचायच्या असतात, त्यांना ‘हिगुराशी’. 2002 पासून र्युकिशी07 या टोपणनावाच्या लेखकाने आपल्या छोट्या गटाबरोबर एकेक भाग काढून कॉमिकेट या हौशी प्रकाशकांच्या बाजारात विकली. आठ भाग, काळ 1983 चा जून, जागा हिनामिझावा नावाचं डोंगरातलं खेडं. गावाखाली धरण होणार होतं, गावाने ते हाणून पाडलं, आणि तेव्हापासून दरवर्षी जत्रेच्या रात्री एक माणूस मरतो, एक नाहीसा होतो. धरणात गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यातली भीती पहिल्या पानापासून कळते. भूत नंतर येतं, आधी येते ती ‘सरकारने आपल्याला विचारलं नाही’ ही गोष्ट. चित्रं कच्ची आहेत, पहिले काही तास पोरांच्या खेळातच जातात, आणि हा सरळ पाट आहे, दार एकही नाही. घाई असणाऱ्याने वाटेला जाऊ नये.

नारळीकरांच्या विज्ञानकथा आवडतात त्यांना ‘स्टाइन्स गेट’, 2009. मायक्रोवेव्हला जोडलेल्या फोनवरून भूतकाळात निरोप पाठवण्याची गोष्ट, सगळी टोकियोच्या आकिहाबारात घडते. निवडीसुद्धा फोनवरूनच. आलेल्या मेलला उत्तर द्यायचं की नाही, असलंच काय ते तुमच्या हातात. मी निशी-कासाईहून कायाबाचोला गाडी बदलून आकिहाबाराला उतरतो तेव्हा स्टेशनासमोर रेडिओ काइकानची पिवळी पाटी दिसते. कादंबरीतला उपग्रह याच इमारतीवर आदळतो. जुनी इमारत 2011 मध्ये बंद करून पुढे पाडली, नवी 2014 मध्ये उभी राहिली, आणि अजून माणसं वर मान करून फोटो काढतात. माझं प्रामाणिक मत असं की सुरुवातीचे दहा तास कंटाळवाणे आहेत. जाणकार म्हणतात, ते मुद्दाम तसे आहेत. असतीलही. बोदवड-जामनेरच्या एसटीनेही मुद्दाम उशीर केला तरी उशीर तो उशीरच.

जी. ए. वाचून ज्यांना शांत वाटतं अशी माणसं असतात. त्यांना ‘द हाउस इन फाटा मॉर्गाना’, 2012. एक वाडा, एक मोलकरीण आणि वेगवेगळ्या शतकांत त्याच वाड्यात घडलेल्या शोकांतिका. दुःख इतकं आहे की मी ती पावसाळ्यात वाचू नका म्हणून सांगतो.

आत्याला गोष्टीपेक्षा गप्पा आवडतात. तिला ‘कॉफी टॉक’ लावून दिली. इंडोनेशियातल्या मंडळींनी 2020 मध्ये केलेली, पण घडते सिएटलमध्ये. तुम्ही रात्रीचं कॉफीचं दुकान चालवायचं, आलेल्या गिऱ्हाइकाचं ऐकायचं आणि त्याला हवं ते पेय करून द्यायचं. गिऱ्हाइकांत रक्तपिपासूही आहेत, पण आत्या त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. सामानात आलं, लिंबू, दालचिनी, पुदिना असं सगळं आहे. तिची तक्रार एकच, दुकानात साखर कुठे दिसत नाही.

कोर्टात रोज जाणारा माझा एक शाळासोबती आहे. त्याला ‘एस अॅटर्नी’. 2001 साली गेम बॉय अॅडव्हान्सवर आली, आता फोनवरही मिळते. बचावाचा वकील साक्षीदाराच्या जबानीतली विसंगती पकडतो, टेबलावर हात आपटतो आणि ओरडतो. त्या जगात खटला जास्तीत जास्त तीन दिवस चालतो. हे कळल्यावर वकीलसाहेब इतके हसले की पुढचं ऐकायला तयार नव्हते. ‘तीन दिवसांत तर आमच्याकडे पुढची तारीखही मिळत नाही, भो.’ पण ती त्यांनीच सगळ्यांत मन लावून पुरी केली. जपानात फौजदारी खटल्यांतून निर्दोष सुटणारे शेकड्यात एकही भरत नाहीत, हे माहीत असलं की त्या ओरडण्यातला राग कळतो.

आणि सगळ्यांत चांगला प्रश्न मला विचारला तो वाड्यावरच्या चुलतभावाने. जन्मात कादंबरी न वाचलेला माणूस. श्रेष्ठ कोणती, गाजलेली कोणती, असलं काही त्याने विचारलं नाही. म्हणाला, ‘माले काय झेपी ते सांग.’ त्याला मी ‘प्लॅनेटेरियन’ दिली. 2004 ची, चार-पाच तासांची, सरळ पाट. युद्धानंतर तीस वर्षं ओस पडलेलं शहर, न थांबणारा पाऊस, आणि एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरच्या तारांगणात ग्राहकाची वाट पाहणारी यंत्रमुलगी. भंगार वेचायला आलेला माणूस चुकून आत येतो, आणि ती त्याला शो दाखवायचं म्हणते. प्रोजेक्टर बंद. तो नुसता भिजलेला, भुकेला, जायच्या तयारीत. पण ती बोलतच राहते, आणि तो प्रोजेक्टर दुरुस्त करायला बसतो. चुलतभावाने वाचून झाल्यावर फोन केला आणि बराच वेळ मोटारीच्या वाइंडिंगबद्दल बोलला. मला वाटतं, त्याला आवडली.

आता थोडं कामाचं, कारण नावं सांगितली की लगेच ‘मामा, येताना घेऊन या’ सुरू होतं. आकिहाबाराच्या जुन्या मालाच्या दुकानांत खोकी भरपूर मिळतात, पण आतला मजकूर जपानी असतो. तो आणून तुम्ही शोकेसमध्येच ठेवणार. वर सांगितलेलं बहुतेक सगळं इंग्रजीतून स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळतं, रुपयांत किंमत दिसते, आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये अनेकदा निम्म्यावर येते. घाई नसेल तर थांबा. लॅपटॉप जुना चालतो, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. बॅटरी मात्र धड हवी, कारण लाइट नेमकी निवडीच्या क्षणी जाते.

म्हणून सेव्ह. प्रत्येक निवडीच्या आधी सेव्ह करा, आणि दर वेळी नव्या खणात. एकाच खणावर पुन्हा पुन्हा सेव्ह करणारी माणसं मी पाहिली आहेत. शेवट वाईट लागला की त्यांना थेट पहिल्या पानावर जावं लागतं, आणि मग ती जपानला शिव्या घालतात. ‘स्किप’चं बटण आधी वाचलेला मजकूरच पळवतं ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा. नाहीतर न वाचलेलंही पळेल. एखादी ओळ निसटली तर ‘बॅकलॉग’ उघडा, मागचा सगळा मजकूर तिथे असतो. इंग्रजीला घाबरू नका. एका वेळी दोन-चार ओळीच समोर येतात आणि पुढची तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाही. वर्तमानपत्राच्या अग्रलेखापेक्षा हे सोपं आहे.

वयाचं बघा, आणि हे गंमत म्हणून सांगत नाही. या प्रकारातल्या ‘कॅनन’, ‘फेट’ अशा नावाजलेल्या कादंबऱ्या आधी अठरा वर्षांवरच्यांसाठी निघाल्या आणि मग स्वच्छ आवृत्त्या आल्या. घेताना आवृत्ती तपासा. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ फुकट आहे, चित्रांत गोड मुली आहेत, आणि सुरुवातीलाच सूचना येते की हे मुलांसाठी नाही. ती सूचना खरी मानायची. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला तर ती मी मुळीच सुचवत नाही, मग ती कितीही गाजो.

भाच्याला शेवटी मी ‘एस अॅटर्नी’चाच पहिला खटला दिला. अर्ध्या-पाऊण तासात निकाल लागतो. त्याला हायलाइट्स हवे असतात, तर हायलाइट्स घे बाबा.

आवड-निवड न विचारता मी एकच नाव सांगतो, आणि तेही फक्त ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा आईबापांना. ‘वेनबा’, 2023. टोरांटोतल्या छोट्या स्टुडिओची. जाणकार नाक मुरडतील, कारण त्यात वाचण्याइतकाच स्वयंपाक आहे. 1980च्या दशकात कॅनडात गेलेलं एक तमिळ जोडपं, आईने दिलेली फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि घरात तमिळ बोलायला लाजणारा मुलगा. वहीतल्या पुसलेल्या पायऱ्या तुम्ही अंदाजाने लावायच्या. इडलीचं भांडं आधी, की पीठ आधी? इथून, जपानातून, आम्ही फोनवर जे सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही काळजी करता आणि नाही सांगितलं तर आम्ही, ते त्यात बऱ्यापैकी आलं आहे. दीड-दोन तासांचं काम आहे. रविवारी जेवण झाल्यावर, व्हिडिओ कॉलच्या आधी उरकून घ्या. मग कॉलवर ‘पाऊस आहे का तिकडे’ यापलीकडे काहीतरी विचारता येईल.