कारणाचा रकाना

कारकुनाला दोन गोष्टींचं भय वाटत नाही : एक साहेब आणि दुसरा फॉर्म. (साहेबाचं वाटतं, पण ते असं छापून सांगता येत नाही.) फॉर्ममधला 'कारण' हा रकाना तर थापा मारण्यासाठीच ठेवलेला असतो, हे मी कर्जाच्या टेबलावर बसून शिकलो. 'घरदुरुस्ती'च्या कर्जातून मुलीचं लग्न लागतं आणि 'शेतीची अवजारे' दारात मोटारसायकल होऊन उभी राहतात.

असाच एक रकाना परवा आमच्या पुतण्याला आडवा आला. हा अमेरिकेत, ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात शिकतो. तिथले विद्यार्थी २००४ सालापासून उन्हाळ्यात सायकलवर टांग टाकून थेट अलास्कातल्या अँकरेजला जातात. 'टेक्सास ४०००' असं नावच आहे त्याला. ४,००० मैलांहून जास्त पल्ला, म्हणजे पुण्याहून कन्याकुमारीला दोनदा जाऊन आलात तरी थोडा उरेलच. दिवस ७०. शिवाय प्रत्येकानं देणग्या म्हणून ४,५०० डॉलर जमवायचे. ते कॅन्सरच्या संशोधनाला आणि रुग्णांच्या मदतीला जातात.

"अरे, मग पैसे देऊन मोकळे व्हा की! सायकल कशाला?" मी फोनवर म्हणालो.

आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "आणि वारकरी? पंढरपूरला एस.टी. जात नाही वाटतं?"

तिला उत्तर देण्याची आमच्याकडे परंपरा नाही.

पण पुतण्याचं काम निराळंच होतं. "काका, 'तुम्ही का जाताय?' ते लिहून द्यायचंय. आजीला नक्की काय झालं होतं?"

आली का पंचाईत! आई २०११ साली गेली, तेव्हा हा सहा वर्षांचा. त्या दुखण्याचं नाव घ्यायचं नाही, असा घरात ठरावच होता म्हणा ना. आम्ही 'पोटाचं' म्हणायचो, शेजारी 'तेच ना?' म्हणून मान हलवायचे, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून आई काही ठाऊकच नसल्यासारखं दाखवायची. माझ्या तेवीस दिवसांच्या रजेच्या अर्जावर कारण होतं 'घरगुती'.

"मला तुम्ही सांगितलंत, आजी कोकणात गेली," तो म्हणाला. "पुढे शाळेची सहल गणपतीपुळ्याला निघाली, तेव्हा मी बसमध्ये चढेना. तुम्हाला वाटलं, मला गाडी लागते."

वाटलं होतं खरं. मी त्याच्या खिशात आलेपाकाच्या वड्यासुद्धा कोंबल्या होत्या.

"कॅन्सर," मी म्हणालो. "जठराचा." इतक्या वर्षांत तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"अंदाज होता मला," तो म्हणाला. "पण अंदाज कसा लिहायचा?"

मग म्हणाला, "रोज सकाळी निघण्याआधी सगळे गोल करून उभे राहतात. आजचा प्रवास कुणासाठी, ते सांगतात. मी आजीचं नाव घेणार आहे. काका, तिचं पूर्ण नाव काय हो? मला नुसतं 'आजी'च माहीत आहे."

मी बँकेच्या शिस्तीनं एकेक अक्षर सांगितलं, माहेरच्या नावासकट. आणि त्याच्याकडून दोनदा परत वाचून घेतलं.